पोवळं पाहायला, बोटीनं की गाडीनं

आमच्या साडभाऊंएवढा विचार करणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नाही, आणि एवढा विचार करून इतकं कमी काही करणाराही दुसरा कोणी झाला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडशापासून दोन कोसांवर त्यांचं गाव, धानाच्या चार बांध्या, एक बैलजोडी आणि घराच्या मागेच गावचा मोठा तलाव. मी वडशाच्या स्टेशनात पार्सलबाबू. बाजाराच्या दिवशी साडभाऊ हटकून माझ्या खोलीत यायचे, पिशवी पार्सलांच्या काट्यावर ठेवायचे आणि त्या दिवशी काय ठरलं नाही ते मला सविस्तर सांगायचे. वांगी काटेरी घ्यायची की साधी, यावर त्यांचा अर्धा बाजार जायचा आणि शेवटी दोन्ही घेऊन ते यायचे. वडशाला यायला तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, एक वाट आणि जंगलातून दुसरी. साडभाऊ पाळीवरून निम्म्यात येऊन, आज जंगलातूनच बरं होतं असं वाटून मागे फिरलेले मी कितीदा ऐकलेत. धाकट्या मुलाचं नाव ठरेना, तेव्हा घरी एक आणि शाळेत दुसरं घातलं. पोरगं दोन्हींना ओ देत नसे. आपण काही बोलायला गेलो की उत्तर तयारच, "दोनी बाजू पाहाव लागते, बाबू."

हिवाळ्यात आमच्याकडे बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला की नाटकांना ऊत येतो. एकेका गावात दोन-दोन मांडव पडतात. साडभाऊ दोन्हीकडची तिकिटं काढायचे. एकीकडचे पहिले दोन अंक आणि दुसरीकडचा शेवटचा, असा हिशेब. घरी येऊन बाईंना गोष्ट सांगायचे आणि नाटकवाल्यांवर चिडायचे, की सुरुवातीला जी विधवा दाखवली ती शेवटी नवऱ्याशी भांडत होती, लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझी मोठी मेहुणी. त्या सुपात तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी एवढंच विचारायच्या, "मंग तिचं बरं झालं ना जी?" बरं झालं म्हटलं की त्या खूष. अशा बाईंबरोबर संसार केला म्हणून साडभाऊंचं निभलं. माझी बायको असती तर दुसऱ्याच दिवशी दोन्ही जातीची वांगी त्यांच्या अंगावर आली असती.

बाईंनी उभ्या जन्मात नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. एकदा त्यांच्या गळ्यातली पोत तुटली आणि त्यातलं एकुलतं एक पोवळं नेमकं अंगणातल्या धानाच्या राशीत गेलं. आम्ही दोघं नवरा-बायको त्या दिवशी तिथंच होतो. चौघांनी मिळून संध्याकाळपर्यंत रास चाळली, तेव्हा कुठं तो लाल दाणा सापडला. बाई तो तळहातावर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हे कुठी पिकते जी?" साडभाऊ शेतकरी माणूस, पिकण्यातलं काही आपल्याला ठाऊक नाही हे त्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी ते वडशाच्या राईस मिलच्या शेठकडे गेले. शेठ मूळचे काठेवाडचे. त्यांनी सांगितलं, पोवळं पिकत नाही, समुद्रात राईएवढे जीव असतात, ते एकावर एक घरं बांधत जातात, त्याचं होतं ते. त्यांच्या गावच्या किनाऱ्यावर असले जीव आहेत, लोक जाऊन पाहतात. साडभाऊंनी घरी येऊन हे बाईंना सांगितलं. त्यांनी तो दाणा बोटांत धरून उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, "जित्तं हाय म्हंता? मंग एकडाव हात लावून पाहाले पायजे."

त्या दिवसापासून साडभाऊंच्या मागे ते लागलं. माझ्याकडे आले तेव्हा नेहमीसारखी गंमत त्यांच्या तोंडावर नव्हती. म्हणाले, एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा तोंडातून शब्द काढला, हे झालंच पाहिजे. मी म्हटलं, झालंच समजा, तिकिटांचं मी पाहतो. इथं माझं चुकलं. कारण जायला वाटा दोन होत्या, आणि दोन वाटा दिसल्या की साडभाऊ संपले. शेठच्या सांगण्यावरून एक वाट होती आगबोटीची. मुंबईहून बोटीनं काठेवाडच्या बंदरात जायचं, तिथून होडीत बसायचं आणि भरल्या पाण्यात खाली वाकून पोवळ्याची रानं पाहायची. पाऊल भिजवायला नको. दुसरी वाट गाडीची. छोट्या लाईननं गोंदिया, तिथून मोठी गाडी, मग गुजरातेतली गाडी, आणि शेवटी किनाऱ्यावर जाऊन, पाणी उतरलं की चालत पोवळ्यापर्यंत पोचायचं. बोटीनं गेलं तर नुसतं दिसणार. गाडीनं गेलं तर हात लावता येणार, पण चालावं लागणार. आणि बाईंचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. आयुष्यभर चिखलात वाकून रोवणं केलेली बाई, गुडघे किती दिवस साथ देणार? म्हणजे उशीर करून चालण्यासारखं नव्हतं. हे साडभाऊंना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, आणि तरी ते विचारच करत होते.

विचारही साधा नाही. समुद्रात बोट हालते, पोटाला सवय पाहिजे, म्हणून त्यांनी गावातल्या मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवराला गाठलं. त्याच्या डोंग्यात बसून तलावाच्या मधोमध गेले आणि त्याला म्हणाले, हालव. ढिवरानं दोन्ही काठांवर पाय देऊन डोंगा असा काही हालवला की पाळीवर माणसं जमली. शेवटी ढिवरालाच ओकारी आली. साडभाऊंनी त्याला काठावर आणून निजवला, त्याच्याशेजारी बसून आपली शिदोरी खाल्ली आणि मला निरोप धाडला, की बोट जमते. मी म्हटलं, चला सुटलो. तर पुढच्या बाजाराला हे सकाळीच स्टेशनात हजर. फलाटावरच्या बाकड्यावर जे बसले ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत हालले नाहीत. येणारे-जाणारे विचारायचे, कुठं चालले भाऊ, तर म्हणायचे, बसून राह्यलो. दिवसभर बसून पाठ धरते का ते पाहायचं होतं. नाही धरली. गाडीही जमते. म्हणजे गाडं पुन्हा होतं तिथंच. मी रेल्वेचं मीठ खाणारा, साहजिकच गाडीच्या बाजूनं बोलायचो. मी जोर लावला की ते बोटीची बाजू घ्यायचे. एकदा वैतागून मी म्हटलं, बरं बाबा, बोटीनं जा. तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही घरातल्याच माणसानं दगा दिला, आणि गाडीचे सगळे फायदे मलाच सांगायला लागले.

बरं, बोट की गाडी हे एकवेळ ठरलं असतं. त्यात वैशाख आडवा आला. शेठ म्हणाले होते की पाणी उतरलं की चालत जाता येतं. आता आमच्याकडे पाणी कधी उतरतं? वैशाखात. तलाव गुडघ्याखाली येतो, ढिवर जाळी घेऊन शिरतात, त्यांचं झालं की सगळं गाव चिखलात उतरून हातानं मासे धरतं. समुद्र म्हणजे मोठा तलाव, तोही वैशाखातच उतरणार, यात शंका घेण्यासारखं काय होतं? साडभाऊंनी घेतली नाही, बाईंनी घेतली नाही, आणि आम्ही तरी कुठं समुद्र पाहिला होता! म्हणून गाडीनं जायचं तर वैशाखातच जायचं, हे एक मात्र पक्कं होतं. आणि वैशाख म्हणजे लग्नसराई. पहिल्या वैशाखात पुतण्याचं लग्न निघालं. पुढच्या वैशाखात लेकीचं बाळंतपण. त्याच्या पुढच्या वर्षी साडभाऊ बोटीनं जायचं ठरवून बसले होते, तर भाचीची सोयरीक जुळली. मी दर वर्षी रजेचा अर्ज टाकायचो आणि परत घ्यायचो. साहेब हसून विचारायचे, यंदा तरी पोवळं का?  तलाव आटायला लागला की बाई पाळीवर जाऊन उभ्या राहायच्या, आणि दर वर्षी पाळ चढायला त्यांना थोडा जास्त वेळ लागायचा.

अशी पाच वर्षं गेली. मग एका मार्गशीर्षात साडभाऊ धान घेऊन मिलवर आले, बैलबंडीत बाईही होत्या. शेठची म्हातारी आई गावाहून आली होती. दोघी पोत्यांवर टेकून उन्हात बोलत बसल्या. मी धानाचं पार्सल लिहून घ्यायला तिथं गेलो होतो, म्हणून हे माझ्यासमोर झालं. बाईंनी म्हातारीला सांगितलं, की आम्ही तुमच्या गावाला येणार, येत्या वैशाखात समुद्र उतरला की. म्हातारीला आधी समजेना. समजलं तेव्हा ती इतकी हसली की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. म्हणाली, अगं बाई, समुद्र रोज दोनदा उतरतो आणि दोनदा भरतो. आज उतरला असेल, उद्याही उतरेल, वैशाखाचं काय घेऊन बसलीस? शेठही हसले, मलाही हसू आलं. बाई हसल्या नाहीत. पोतं उतरवून घेणाऱ्या नवऱ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंग आपण इतले वर्स कायची वाट पाहून राह्यलो जी?"

साडभाऊंच्या हातातलं पोतं तिथंच राहिलं. याच्या दोन बाजू त्यांना सापडल्या नाहीत. बाईंना बंडीत बसवून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माझ्या खोलीच्या दारात उभे. म्हणाले, "बाबू, चार तिकिटं काढ." मी सवयीनं विचारलं, बोटीचं काय मग? तर म्हणाले, "जे पयले सुटते त्याच्यात बसाव." मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी मला वाटलं, यांना ताप तर नाही ना आला. तसाच रजेचा अर्ज टाकला. बायको म्हणाली, परत मागून घेऊ नका म्हणजे मिळवली. गावात साडभाऊंनी द्वारकेला चाललो म्हणून सांगितलं, कारण पोवळं पाहायला चाललो म्हटलं असतं तर गावानं चारही दिशांनी सल्ले दिले असते, आणि सल्ल्यांत पुन्हा दोन बाजू निघाल्या असत्या.

प्रवासाचं काय सांगावं! साडभाऊ खिडकीबाहेर पाहत बसून होते, आणि गाड्या बदलून बदलून बाईंचे गुडघे सुजून भोपळे झाले. शेठच्या भावानं आम्हाला सकाळी किनाऱ्यावर नेलं, तेव्हा समुद्र उतरलेलाच होता. लांबवर नुसता चिखल, खडक आणि मधेमधे डबकी. साडभाऊ पाहतच राहिले. म्हणाले, हा तर आपलाच तलाव. पोवळी होती ती लांब, पाण्याच्या कडेला. शेठच्या भावानं बजावलं होतं, पाणी परत फिरलं की थांबायचं नाही. आम्ही चालायला लागलो. साडभाऊ नेहमीसारखे पुढे, बाई मागे. आमच्याकडे नवरा-बायको बरोबरीनं चालत नाहीत. थोडं गेल्यावर मागे पाहिलं तर बाई एका खडकावर बसलेल्या. म्हणाल्या, तुम्ही जा, पाहून या आणि सांगा, मी इथं बसते. नाटकाची गोष्ट ऐकायची सवय होती ना त्यांना.

साडभाऊ मागे आले. बाईंसमोर पाठ करून खाली बसले आणि म्हणाले, "बस पाठीवर." बाई लाजेनं लाल झाल्या. म्हणाल्या, लोक काय म्हणतील. इथं आपल्या गावचं कोणी नाही, साडभाऊ म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. साडभाऊ मागे न पाहता म्हणाले, "बाबू तिकडं समुद्र पाहून राह्यला." मी लगेच तोंड फिरवलं आणि समुद्र पाहायला लागलो. माझ्या बायकोनंही पाहिला. परत वळलो तेव्हा साठीकडे झुकलेला तो माणूस बायकोला पाठकुळी घेऊन खडकांवरून सांभाळून पाय टाकत चालला होता, आणि एकदाही वाट बदलायला थांबला नाही. 

पोवळं लाल नव्हतंच. घोट्याएवढ्या पाण्यात हिरवट, मातकट गोळे, त्यांवर बारीक फुलं उमटल्यासारखी. बाईंनी खाली बसून बोट लावलं, तसं ते मिटलं. बोट काढलं, वाट पाहिली, पुन्हा उमललं. साडभाऊ मात्र कासावीस झाले. लाल कसं नाही, शेठनं फसवलं का, लाल दुसऱ्या समुद्रात असेल, तिकडे बहुतेक बोटच जात असेल, असं त्यांचं सुरू झालं. बाईंनी मान वर न करता म्हटलं, "राहू द्या जी. जित्तं हाय, मंग झालं." आणि पाणी परत फिरेपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.

त्यानंतर बाई फार दिवस चालल्या-फिरल्या नाहीत. पुढं अंगणाबाहेर जाणंही सुटलं, आणि मग एका पावसाळ्यात त्या गेल्या. साडभाऊ अजून बाजाराला येतात, काट्यावर पिशवी ठेवतात. पिशवीत दोन्ही जातीची वांगी असतात. पोरं आपापल्या वाटेला लागली, खाणारं माणूस एकच. परवा गप्पांत मी सहज म्हटलं, भाऊ, तेव्हा बोटीनं गेलो असतो तर बरं झालं असतं, बाईंच्या गुडघ्यांचे हाल वाचले असते. मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत बोट आणि गाडी चालणार. साडभाऊंनी काट्यावरची पिशवी नीट केली.

"बोटीनं गेलो असतो," ते म्हणाले, "त बाई माह्या पाठीवर कायले बसली असती?"

मी थोडं थांबलो, दुसरी बाजू ऐकायला. त्यांनी पिशवी उचलली आणि पाळीच्या वाटेनं घरी निघाले.