पायरी चढेपर्यंत

तारोडी गावची संचिता जेसल पार्कच्या बाजारात मासळीची टोपली घेऊन बसते. मासळी ताजी की शिळी हे ती नुसत्या बोटाने ओळखते, पण गेली आठ-नऊ वर्षं त्यातला तुकडाही तिच्या तोंडात गेलेला नाही. मी तिच्या गावातली अंगणवाडी सेविका. तिची गोष्ट सांगताना माझी चूकही सांगावी लागणार, आणि ती झाकून ठेवायचा मला आता कंटाळा आलाय.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी कूस उजवेना, तेव्हा ती गावदेवीला नवस बोलली. मूल होऊन ते आपल्या पायांनी देवळाची पायरी चढेपर्यंत मासे, मटण, अंडं काही खाणार नाही. दुधाचा तर तिला लहानपणापासून वास यायचा, चहासुद्धा कोरा. कोळ्याच्या घरात सून डाळभातावर राहते, याचं कौतुक तिची सासू सरूबाई गावभर सांगायची. मीही मान डोलवायची.

चार वर्षांनी साहिल झाला. दूध भरपूर आलं. सहा महिने फक्त आईचं दूध, हे मीच घरोघरी सांगत फिरते, आणि संचिताने ते अक्षरशः पाळलं. पुढे पेज भरवली की तो थुंकायचा, म्हणून दूधच चालू राहिलं. पोरगं गुटगुटीत, मांड्यांना वळ्या. मी दर महिन्याला त्याला काट्यावर घालायची आणि वहीत ‘वजन योग्य’ लिहायची.

सातव्या महिन्यात तो हसायचा थांबला. बसू लागलेलं पोर मान टाकू लागलं, हात थरथरू लागले. सरूबाईने दृष्ट काढली. मी पुन्हा काटा बघितला आणि म्हणाले, काही मुलं आळशी असतात. असं बोलल्याबद्दल मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दहाव्या महिन्यात शेवटी त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोराला तपासायच्या आधी आईला विचारलं, तू काय खातेस? एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. मासे, अंडी, दूध यांतून मिळणारं बी-ट्वेल्व्ह संचिताच्याच अंगात उरलं नव्हतं, ते दुधात कुठून उतरणार? पोराचं पोट भरत होतं आणि मेंदू उपाशी राहत होता.

इंजेक्शनं सुरू झाली. पंधरा दिवसांत साहिल हसला, थरथर थांबली. आम्ही वेड्यासारखे खूश झालो. पण बाईंनी सांगितलंच होतं, गेलेलं सगळं परत येईल असं नाही. आज तो चार वर्षांचा आहे. टेकून बसतो, आईला बघून ‘आ’ म्हणतो. उभा राहत नाही.

संचिता स्वतःही इंजेक्शन घेते, नवसात सुई नव्हती म्हणून. जेवण मात्र तेच. गेल्या जत्रेला सरूबाईने नातवाला काखेत धरून त्याचे पाय पायरीवर टेकवले आणि म्हणाली, चढला बघ, फिटला नवस. संचिताने त्याला उचलून कडेवर घेतलं आणि घरी निघून आली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. म्हटलं, देवी काय तुझ्या मुलाची वैरी आहे? खा आता दोन घास. ती साहिलचे पाय तेलाने चोळत होती, रोज चोळते तसे.

“देवीला मी ‘आपल्या पायांनी’ असं बोलले ताई, तो चालला न्हाय अजून,” ती म्हणाली. मग तिने त्याचा दुसरा पाय मांडीवर घेतला. “आन् आता मी खाल्लं, तर माझ्या पोराचं एवढं सगळं कशापायी गेलं, सांग ना.”

दर महिन्याला ती त्याला अंगणवाडीत आणते. काट्यावर तो नीट बसत नाही, मान मी धरते. वजन अजूनही योग्य भरतं.