भोक पाडलेलं ताट

गेल्या रविवारी बाबांना परदेशातल्या आमच्या कनाटाच्या घरातून अक्षरशः ओढून म्युझियममध्ये नेलं. मेक्सिकोकडच्या प्राचीन मातीच्या वस्तू होत्या... धूपदाण्या, शिट्ट्या, बसलेली माणसं. एक बाई तर इतक्या ठसक्यात बसली होती की बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

आई याच हिवाळ्यात गेली. इथल्या क्रेमॅटोरियममध्ये खाली कार्पेट, त्यामुळे पाण्याचं मडकं आत नेऊ देईनात. मी एकुलती एक. मडकं खांद्यावर घेऊन फिरायचं, त्याला दगडाने भोक पाडायचं, शेवटी मागे टाकून फोडायचं... हे सगळं माझ्याकडे होतं आणि ते झालंच नाही.

आयुष्यात कधी उदबत्ती न लावलेले माझे इंजिनिअर बाबा तेव्हापासून जेवता जेवता थांबायचे. "मडकं राहिलं गं," म्हणायचे आणि ताट सारायचे. मी समजूत घालून थकले होते.

तर, म्युझियममध्ये एका रंगवलेल्या ताटापाशी बाबा अडले. त्यावर नाचणारा माणूस आणि बरोबर मध्ये भोक! ते तिथल्या व्हॉलंटिअर बाईंवरच घसरले, "हू ड्रिल्ड धिस?"

बाई शांतपणे म्हणाल्या, ते मुद्दाम पाडलंय. मेलेल्या माणसाबरोबर पुरायच्या ताटाला तिकडचे माया लोक कधीकधी असं भोक पाडत... ताटातला जीवही मोकळा व्हावा म्हणून, असं अभ्यासकांना वाटतं.

बाबा थँक यू म्हणायचंही विसरले. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, "हार्डवेअरच्या दुकानात थांब."

मातीची कुंडी घेतली. तळाला भोक होतंच, बाबा म्हणाले चालेल. बॅकयार्डात आईने लावलेल्या लायलॅकच्या झुडपाभोवती मी ती पाणी भरून खांद्यावर घेऊन फिरले, बाबा मागे. पाणी विंटर जॅकेटवरून गळत होतं, शेजारीण खिडकीतून बघत होती... बघू दे.

मग कुंडी मागे टाकली. खाली गुडघाभर बर्फ... आवाजच आला नाही.

मागे वळून बघायचं नसतं. मी तशीच उभी. हेही राहिलं तर बाबांचं काय होईल?

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "फुटलं गं. चल, चहा टाकतो."

फुटलं की नाही, मी पाहिलं नाही. पण त्या दिवशी बाबा पोळी मागून घेऊन जेवले. आपल्या माणसासाठी एवढं सुंदर ताट ज्यांनी भोक पाडून सोडून दिलं, त्या कुणा अनोळखी हातांचे मनापासून आभार...