खिशातला कारबेट

जवळा बाजार या गावात एसटी थांब्याच्या अलीकडं उत्तमसिंग राठोडचं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर चार पत्रे, एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि एक लोखंडी टाकी. गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या आसपासची. तेव्हा त्याच्या दुकानात जोडकामाचा गॅस भरलेला येत नसे, तिथंच तयार करावा लागे. तो करायचा कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांपासून. बाजारात त्याला सगळे कारबेट म्हणत.

दिसायला हा खडा रस्त्यावरच्या खडीचाच भाऊ. कोरडा असला की गरीब. पाणी लागलं की फसफसतो, तापतो, आणि त्यातून गॅस सुटतो. गॅसला लसणासारखा वास, आणि ठिणगी दिसली की तो भडकलाच. टाकीत तयार झालेला हा गॅस नळीतून ऑक्सिजनला भेटायचा आणि निळी, टोकदार ज्योत व्हायची. त्या ज्योतीनं उत्तमसिंग सायकलचा तुटका दांडा जोडी, तिफणीचा फण जोडी. टाकीत मागं पांढरा गाळ राही, तो चुनाच. तांड्यावरची माणसं तो भिंतींना लावायला घेऊन जात.

उत्तमसिंग या खड्यांना फार भ्यायचा. पाऊस आला की स्वतः भिजायचा आणि छत्री खड्यांच्या ड्रमवर धरायचा. ड्रमचं झाकण पाना मारून नव्हे, लाकडी ठोकळ्यानं हळूहळू उघडायचा, ठिणगी नको म्हणून. कुणी दुकानाजवळ विडी काढली की हात जोडायचा. "काका, रस्त्याच्या पल्याड जाऊन ओढा. न्हाई तर तुमी बी जाल, मी बी जाईन, आन ही तिफण इथंच राहील."

त्या साली त्याचं लग्न झालं. बायको रुपा शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरची. पहिल्याच होळीला सासुरवाडीहून बोलावणं आलं, रुपा आधीच माहेरी गेली. धुळवडीच्या सकाळी उत्तमसिंग नवी पँट घालून दुकानाला कुलूप लावत होता, तर उंबऱ्यापाशी कारबेटचा एक खडा पडलेला दिसला. लिंबाएवढा. लेकरांच्या हाती लागला तर डब्यात पाणी घालून फटाका करतील, म्हणून त्यानं तो उचलला. तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. खडा गेला खिशात, उत्तमसिंग गेला जीपमध्ये.

तांड्याच्या तोंडाशीच बाया टपून बसल्या होत्या. पुढं त्याची सासू जिवनबाई, हातात घागर. नव्या जावयाला कोरडं आत सोडायचं म्हणजे तांड्याची इज्जत गेली. उत्तमसिंगनं सासूच्या, म्हणजे मामींच्या, पाया पडायला कंबर वाकवली आणि अख्खी घागर त्याच्या पाठीवरून खाली आली.

आधी काहीच झालं नाही. बाया हसत होत्या, तोही हसत होता. मग उजव्या मांडीला गरम लागलं. खिसा फुगला, त्यातून पांढरा फेस वर आला, फेसामागून वाफ निघाली.

"जावई पेटला," कुणीतरी म्हणालं.

झालं. पेटलेल्या माणसाला विझवायचं असतं, हे तांड्यावर सगळ्यांना माहीत होतं. दुसरी घागर आली, तिसरी आली.

"मामी, पाणी नका टाकू," उत्तमसिंग पळता पळता सांगत होता. "पाण्यानं वाढून राहिलंय."

"भाजल्यावर माणूस असंच बरळतंय," जिवनबाई मागच्या बायांना म्हणाली. "टाका गं."

जितकं पाणी पडे, तितका खिसा जास्त उसळे. लसणाच्या वासानं कुत्री गोळा झाली. उत्तमसिंग घरांना वळसा घालून पळाला आणि वळणावर जागीच थांबला. समोरून सासरा बाबूसिंग, काय गोंधळ आहे ते बघायला, पेटलेली विडी ओढत निवांत येत होता.

"मामा, तिथंच थांबा. विडी टाका आधी."

"काहून?" बाबूसिंग आणखी दोन पावलं पुढं आला. त्याला कमी ऐकू यायचं.

आता मागं पाणी आणि पुढं विस्तव. उत्तमसिंगनं सासऱ्याची लाज सोडली, पाठोपाठ पँटही सोडली, आणि ती दूर उघड्यावर पडलेल्या वाळूच्या ढिगावर भिरकावली. वरची वाळू उन्हानं कोरडी ठणठणीत होती. त्यानं धावत जाऊन पँटवर ओंजळी ओंजळी वाळू ओढली. मग दोरीवर वाळत असलेला पहिला कपडा कमरेला गुंडाळला. तो निघाला जिवनबाईचा आरशांचा घागरा.

बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. रुपानं आधी त्याची मांडी बघितली. भाकरीचा चटका बसावा तसा लाल चट्टा उठला होता. "धुऊ का न्हाई?" तिनं विचारलं.

"आता धू. खडा गेला, आता भरपूर पाणी चालतंय. न्हाई तर चुना खाईल कातडी."

दुपारी घागऱ्यातच बसून त्यानं सगळ्यांना समजावलं. कारबेट कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. ओल्या हातानं धरायचं नाही. भिजलंच तर विस्तव लांब करायचा, माणसं लांब करायची. वरून पाणी नाही, कोरडी वाळू टाकायची. आणि खिशात कधीच ठेवायचं नाही.

"हे शेवटलं तुमाला कवा कळलं?" रुपानं विचारलं.

"आज सकाळी," तो म्हणाला.

बाबूसिंगनं कानामागं हात धरून सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "मग ह्यावर केळी पिकवता येतील का?"

"मामा, खायच्या वस्तूला हे लावत न्हाईत. त्यातून विष येतंय."

"हं," म्हणून बाबूसिंगनं विडीचं बंडल काढलं. अख्खा तांडा त्याच्याकडं वळून बघू लागला. त्यानं बंडल परत ठेवलं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला हिंगोलीहून भरलेले गॅस सिलिंडर येऊ लागले. उत्तमसिंगनं ते चोरीला जाणाऱ्या बैलांसारखे साखळीनं भिंतीला उभे बांधले आणि कारबेट बंद केलं. शेवटचा ड्रम रिकामा झाला तेव्हा जिवनबाईनं तो ज्वारी भरायला मागितला. त्यानं नाही सांगितलं. तिनं वर्षभर मागितला. शेवटी त्यानं तो उघड्यावर पाण्यानं काठोकाठ भरला, बुडबुडे थांबल्यावर घासून धुतला, उन्हात वाळवला, आणि ज्वारीला नाही, फक्त कोंबडीला बसायला द्यायचा असं बजावून शिरडच्या जीपवर चढवला.

कोंबडीला ड्रम आवडला. ती त्यात बसून ओरडली की आवाज घुमतो, आणि बाबूसिंगला तेवढी एक कोंबडी बराबर ऐकू येते.