न तुटणारी क्लिप

आनंदाकाकांचं दुकान म्हणजे लालबागला एका जिन्याखाली बसवलेलं कपाट. कुकरचे दांडे, तव्याचे दांडे, डब्यांच्या कड्या. मालक आत, गिऱ्हाईक फुटपाथवर. पण नुसता दांडा ठोकून द्यायचा नाही. "ह्यो धरतलो कोण?" हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हातारी सासू धरणार असेल तर दांडा जाड, सून डावखुरी असेल तर बोटांची खाच दुसऱ्या बाजूला. घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं आणि काका त्याच्याहून जास्त वैतागायचे. "हात तुझो भाजतलो, माझो नाय," असं सुनवायचे.

त्यांची कसोटी एकच. वस्तू वापरताना दुसऱ्या कुणाला हाक मारावी लागली, तर ती वस्तू नापास. माणसाच्या बाबतीतही त्यांचं तेच. दुकानाआधी गिरणीत होते; ती बंद पडली तेव्हा उपाशी राहिले, पण कुणापुढे हात पसरला नाही. कुणाचे उपकार म्हटले की त्यांना ताप भरायचा.

आमची चाळ पाडली आणि आम्हा सगळ्यांना करी रोडच्या टॉवरमध्ये वर चढवलं. आनंदाकाका आणि ललिताकाकी चौदाव्या मजल्यावर, मी अकराव्या. त्यांची मुलगी अक्षदा पनवेलला, महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. चाळीत दार बंद दिसलं की लोक विचारायचे, काय झालं? इथे दार उघडं दिसलं तर वॉचमन विचारतो. बेल वाजवायची तर काहीतरी काम लागतं. 'सहज बसायला आले' असं इथे कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नव्हते.

टॉवरमध्ये येऊन वर्ष होतंय न होतंय तोच काकींची उजवी बाजू गेली. आणि वाईट वाटेल ऐकायला, पण काकींचे बरे दिवस तेव्हा सुरू झाले. सकाळी चाळीतली जुनी शेजारीण नलू भाजी चिरायला यायची. कुणी ब्लाऊजचे हूक लावायला, कुणी चहा करून द्यायला. मी सकाळच्या शाळेत क्लार्क, त्यामुळे दुपारची वेणी माझ्याकडे. वेणीला काय लागतात, पाच मिनिटं. मी तासभर बसायचे. काकी पुढ्यात पाठ करून बसायच्या, मी तेल लावायचे आणि त्या डोळे मिटून अख्ख्या चाळीचं उणंदुणं काढायच्या. एक बाजू गेलेली बाई इतकी हसते, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

काकांना मात्र हे लाजिरवाणं वाटायला लागलं. "लोकांनी किती दिवस करूचा?" म्हणाले आणि कामाला लागले. आधी खिळ्यांचा पाट केला. कांदा-बटाटा खिळ्यांवर रोवायचा आणि डाव्या हाताने चिरायचा. मी स्वतः चिरून पाहिला. डोळ्यांतलं पाणी सोडलं तर काही त्रास नाही. मग नलूचं येणं थांबलं. ब्लाऊजला हुकांच्या जागी चिकटपट्टी लागली. किटली नुसती कलंडवायची अशी घडवंची झाली. एकेक वस्तू अशी नामी की बोट ठेवायला जागा नाही. आणि एकेक वस्तूमागे एकेक माणूस कमी होत गेलं.

शेवटी केस. कंगवा भिंतीत बसवला, म्हणजे कंगवा जागेवर आणि डोकं हलवायचं. वर एका हाताने दाबून लावायची मोठी क्लिप.

"आता प्राचीक वर-खाली नको," काका मला कौतुकाने दाखवत होते.

"आणि वेणी?" मी विचारलं.

"वेणी कशाक? केस बसल्याशी मतलब."

काकी हसल्या. हसायचं म्हणून.

चार दिवस गेले असतील, काकींचा फोन. "प्राची, क्लिप मोडली गो. येतंस?" मी गेले, वेणी घातली, तास गेला. संध्याकाळी काकांनी मोडलेली क्लिप दिव्याखाली धरून तपासली आणि स्प्रिंग बदलली. ती मोडली. मग जाड प्लास्टिकची केली. तीही मोडली. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. जन्मात त्यांचा दांडा परत आला नव्हता आणि घरातलीच वस्तू अशी दगा देत होती.

एकदा काकींचा फोन आला तेव्हा मी नेमकी लिफ्टमध्येच होते, तशीच वर गेले. दार माझ्यासाठी लोटून ठेवलेलं. आतून ठक्‌ ठक्‌ आवाज. काकी डाव्या हातात बत्ता घेऊन क्लिप ठेचत होत्या. मला पाहून ओशाळल्या, मग हसायला लागल्या. "फोन आधी केलंय आणि मोडूची रवली," म्हणाल्या.

"काकी, सरळ सांगा ना काकांना. प्राची आलेली मला हवी, म्हणावं."

"कसा सांगू गो? जन्मभर लोकांचे दांडे बसवल्यान. आता पयल्यांदा माझ्यासाठी कायतरी करता. रोज येऊन विचारता, जड वाटता काय, बोटाक लागता काय. त्या माणसाक नको कसा म्हणू?" मग माझा हात धरला. "तू सांगू नको हां."

मी शब्द दिला.

पुढची क्लिप स्टीलच्या पट्टीची आली. बत्त्याला दाद देईना. काकींनी ती खिडकीतून फेकली, तर कबुतरांच्या जाळीत अडकली. काकांनी काठीने ओढून काढली आणि नाडी ओवून काकींच्या गळ्यातच अडकवून टाकली. "हरवता, म्हणान," मला म्हणाले. डिझाइनची शेवटची खोड निघाल्याचं समाधान होतं चेहऱ्यावर.

मग फोन बंद झाले. मला वरचेवर वाटायचं, जावं. पण काय म्हणून जाणार? एकदा लिफ्टमध्ये दोघं भेटली, डॉक्टरकडे निघालेली. काकींचे केस चापूनचोपून बसलेले. "छान दिसताय," मी म्हटलं. "हो, काय त्रास नाय आता," काकी म्हणाल्या. आणि मजल्यांचे आकडे बघत राहिल्या.

गणपती उरकल्यावर एका दुपारी काकी गेल्या. काका संध्याकाळी दुकानातून आले तेव्हा त्या दाराकडे तोंड करून खुर्चीत होत्या. किती वेळ तशा होत्या, कुणाला ठाऊक नाही. केस नीट होते. क्लिप घट्ट होती.

तेरावं झाल्यावर काका माझ्याकडे आले. कधी न येणारा माणूस. पेपरात गुंडाळलेल्या मोडक्या क्लिपा टेबलावर ओतल्या. एका गिऱ्हाइकाच्या बहिणीचा हात गेला होता, तिला तशी क्लिप हवी होती.

"मोडत कित्याक होती ता कळल्याशिवाय कोणाक देवचंय नाय. तू बघलंस. सांग, चूक खय होती?"

काकींना शब्द दिला होता. पण न सांगते तर हा माणूस उरलेलं आयुष्य स्प्रिंगा तपासत बसला असता. मी सांगून टाकलं. बत्ता, खिडकी, सगळं.

काकांनी एक मोडकी क्लिप उचलून ठेचल्याची खूण अंगठ्याने चाचपली. "तुका बोलावूक?"

"मलाच असं नाही, काका. दुपारचं कुणीतरी मागे बसावं, केसांना हात लावावा. एवढंच."

"दुपारी कुत्रो फिरकत नाय दुकानात," काका म्हणाले. "मी तिकडे बसान तिची क्लिप घासत होतंय." मग हातातली क्लिप खाली ठेवली. "माका वेणी घालूक येता गो. अक्षदाची शाळेत जाताना मीच घालायचो."

मला एकदम राग आला आणि रडूही. तरी विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवली?"

काकांनी क्लिपा पुन्हा पेपरात भरायला घेतल्या. एकही नीट आत जाईना.

"तिनाच," ते म्हणाले.