सरनोबतसाहेबांचा तिळगूळ

दुपारचं जेवण अंगावर आलंय, पंखा गरगरतोय आणि दर्शिता घरत उशीत तोंड खुपसून संध्याकाळचं वाक्य घोकतेय. 'आमच्या घराने साहेबांना माफ केले आहे.' एवढंच! पण स्टेजवर, माईकसमोर, अख्ख्या शाळेपुढे. माजी पंतप्रधान देवव्रत सरनोबत शिक्षा भोगतानाच तुरुंगात वारले. आता सरकारनं त्यांना मरणोत्तर माफी दिलीय आणि आज शाळेत त्यांच्या फोटोला हार घालायचाय. गोदीतल्या संपकऱ्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम त्यांचाच. त्यात दर्शिताचा मामा गेला, म्हणून बाईंनी बरोब्बर तिलाच निवडलं. ती लगेच हो म्हणाली. आपला आवाज कसला खणखणीत आहे, हे तिला या वर्षीच तर कळलंय! आई मात्र तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही.

घोकता घोकता शब्द विरघळतात. माफ केले... माफ के...

उशी ओली लागते. उशी कुठली, स्टेजच्या फळ्या आहेत, आणि फटींमधून खाडीचं काळं पाणी डुचमळतंय. समोर खुर्चीत सरनोबतसाहेब बसलेत. फोटोची चौकट गळ्यात अडकलीय, वर हार.

"ये बाळ. म्हण तुझं वाक्य."

त्यांच्या अंगाला अत्तराचा वास येतोय, आणि अत्तराच्या खालून काहीतरी कुजल्याचा.

"एक विचारू? तुम्ही मेलात ना?"

"मेलो म्हणून काय झालं?"

"सरकारनं केलं की माफ."

"ते सरकारी गं. घरचं पाहिजे."

खुर्ची तीच, पण आता ती दर्शिताच्या घरच्या ओट्याशी आहे. साहेब आईच्या कढईत हात घालून तिळाचे लाडू वळतायत. गूळ हाताला चिकटू नये म्हणून आई तूप लावते. हे मात्र स्वतःचे तळवे चाटतायत! लांबलचक जीभ काढून, आधी हा, मग तो. ईऽऽ!

"संक्रांतीचे दिवस आहेत," ते लाडू पुढे करतात. "मोठ्यांनी द्यायचं, लहानांनी वाकून घ्यायचं. भांडण मिटलं. आपली रीतच आहे."

आणि दर्शिताचा हात पुढे होतो! कुणी तिळगूळ म्हटलं की तो होतोच, लहानपणापासूनची सवय. कंबरसुद्धा वाकायला लागते. तिला स्वतःच्याच हाताची शिसारी येते.

"माझ्या मामाला दिलात?"

"कुठला मामा?"

"गोदीत मारलात तो."

"हां हां, तो! घेतला की त्यानं. हसत घेतला. गोड माणूस."

"नाव काय त्याचं?"

साहेबांची जीभ तळव्यावरच थांबते. "आता एवढी माणसं, बाळ... आडनाव सांग, म्हणजे आठवेल."

"नाव माहीत नाही आणि माफी मागायला आलात?"

"मागतोय कुठे?" साहेब खरोखरच चकित होतात. "मी तर देतोय. घे, गोड बोल."

ती मागे सरते ती थेट दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवी होते. डोळ्यांवर दिवा. साहेब तिच्यावर वाकलेत, गळ्यातली चौकट तिच्या हनुवटीला घासतेय. जाड, ओलसर बोटं लाडू तिच्या तोंडात कोंबतात. ओरडायला जावं तर आवाजच नाही. तो खणखणीत आवाज, गेला कुठे? गूळ वितळून घशाकडे सरकतोय.

"गिळ," ते लाडानं म्हणतात. "एकदा गिळलंस की झालं."

दर्शिता पोटापासून जोर लावते. "थूऽः! कान्हू! कान्हू ठाकूर नाव आहे त्याचं!"

स्वतःच्याच ओरडण्यानं तिला जाग येते. दारात आई उभी, हात साबणानं भरलेले.

"दादाचं नाव का घेतलंस गं?"

आई बोलली! दर्शिता धापा टाकत उठून बसते. "मी ते वाक्य नाही म्हणणार आई. स्टेजवर जाईन, पण मामाचं नाव सांगेन आणि खाली उतरेन."

"बाई चिडतील."

"चिडू देत."

आई जवळ येते आणि अचानक उशीवर वाकते. हात पदराला पुसून बोटाच्या टोकावर काहीतरी टिपते. एक तीळ. ओला.

"यंदा मी घरात तीळ आणलेच नाहीत," ती हळूच म्हणते.

दर्शिता दातांवरून जीभ फिरवते. "नीट बघ ना आई. चावलाय का?"

आई बोट खिडकीच्या उजेडात धरते. उलटसुलट करून बघते.

"नाही गं. अख्खा आहे."