अण्णांची साखर आणि तरवडाची फुलं

नांदेडच्या प्रयोगशाळेत तरवडाच्या पिवळ्या फुलांचा अर्क पाजून आमच्या उंदरांची साखर जराशी उतरली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. माझ्या संशोधनाच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "उंदीर आहे तो, माणूस नाही. हुरळून जाऊ नकोस." मी हुरळलेच. तिथूनच देगलूरजवळच्या आमच्या गावी अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. त्यांना मधुमेह.

"आपल्या तरवडानं?" अण्णा ओरडले. "ज्याला शेळी तोंड लावत न्हाई, त्या?"

उंदराचं मी सांगितलं होतं, अगदी शपथेवर. गोळ्या सोडू नका, हेही सांगितलं होतं. पण आठवडाभरात पारावरची समस्त शुगरवाली मंडळी फुलांचा काढा प्यायला लागली. कडू लागतो म्हणून त्यात गूळ! "साखर तर न्हाई ना टाकली," असं वर अण्णांनी फोनवर मलाच ऐकवलं.

घटस्थापनेला घरी गेले. आमच्याकडे देवीच्या घटाला तरवडाच्या फुलांची माळ लागते. बायका टोपल्या घेऊन बांधावर गेल्या, तर झुडपं बोडकी. मोर्चा थेट आमच्या दारात. सगळ्यांत पुढे शेजारच्या तेलुगू काकू, त्यांना बतुकम्मा, म्हणजे नवरात्रातला देवीचा फुलांचा मनोरा, रचायला हीच फुलं हवी होती.

"अय्यो, देवीचं फूल पिऊन टाकलं की वो तुम्ही!"

अण्णा कणगीमागे लपले. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "त्यांच्या गोळ्यांचं पाकीट बी दिसंना झालंय गं."

मी हसायची थांबले. माझ्या एका फोनपायी अण्णांनी गोळ्या सोडल्या असतील तर? तशीच त्यांना रिक्षात घालून देगलूरला नेलं, रक्त तपासलं. साखर पहिल्यापेक्षा चांगलीच उतरलेली. माझा विश्वासच बसेना.

बाहेर आल्यावर अण्णांनी इकडेतिकडे बघत बंडीच्या आतल्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. अर्धं संपलेलं.

"रोज घेतो. चहा सोडला, गूळबी सोडला."

"मग लपवता कशाला?"

"गोळीनं उतरली म्हनलं, तर गावात तुझ्या फुलाला कोन पुसतंय?"

मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. भर रस्त्यात त्यांचा हात धरून म्हटलं, "अहो अण्णा, उंदीर होता तो!"

"ठाव हाय की. पन माझ्या लेकीचा उंदीर हाय त्यो."