घरातल्या बायका

माझं शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर वाकडंतिकडं येईल, त्याबद्दल आधीच माफी मागते. समोरासमोर मला बोलता येत नाही. शब्द तोंडातल्या तोंडात राहतात. म्हणून लिहिते.

त्या रविवारी साहेबांचे क्लबातले तीन मित्र आले होते. मी भज्यांची ताटली घेऊन बाहेर गेले. साहेब त्यांना स्वतःचा रिपोर्ट दाखवत होते. पुरुषांच्या अंगात जे हार्मोन असतं, त्याचा आकडा. साहेबांचा कमी झाला होता, औषधाने वर आला होता. साठीला टेकलेला माणूस, पण दहावीचे मार्क सांगावेत तसा सांगत होता. एक मित्र माझ्या तोंडाकडे बघत राहिला. साहेबांनी ते पाहिलं. म्हणाले, "आमच्या बाईचा काढला तर माझ्यापेक्षा जास्त निघेल. मिशी बघ."

चौघं हसले. आतून मॅडमही हसल्या. ताटली ठेवताना चटणी टेबलाच्या काचेवर सांडली. पुसली मीच.

मिशी खरीच होती. हनुवटीवरही केस आले होते. चार महिन्यांत. पाळी बंद झाली होती, वय एकोणचाळीस. आवाज जाड झाला होता. सायखेड्याला दिलेली माझी मुलगी फोनवर मला म्हणाली, "बाबा, आईला द्या ना." मी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

गंगापूर रोडच्या त्या घरात मी आठ वर्षं काम करत होते. देवघराला हात लावायचा नाही. फिल्टरचं पाणी घ्यायचं नाही. माझा ग्लास गॅलरीत, झाडूजवळ. हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मग त्या रविवारच्या चार महिने आधी साहेब बॅडमिंटन खेळताना पडले, उजवा हात वर जाईना. मॅडमनी एक पुडी माझ्या हातात दिली. हे मलम रोज सकाळी अंघोळीनंतर साहेबांच्या दोन्ही खांद्यांना चोळायचं, म्हणाल्या. मी समजले दुखण्याचं मलम. थंडगार, स्पिरिटसारखा वास. देवाला माझा हात चालत नव्हता, साहेबांच्या उघड्या खांद्याला चालला. मी भिंतीकडे बघून चोळायची. नंतर हात पाण्याखाली धरायची आणि कणीक मळायला घ्यायची.

मला नंतर कळलं, डॉक्टरांनी रोज एक पुडी सांगितली होती. तिने आकडा मधोमध आला. मधोमध म्हणजे चांगला, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. साहेबांना मधोमध कसं चालेल? गाडी मोठी, टीव्ही भिंतीएवढा, मग आकडाही मोठा हवा. डॉक्टर घाबरट आहे म्हणाले आणि स्वतःच दोन पुड्या सुरू केल्या. डॉक्टरला सांगितलं नाही. खांदा बरा झाला, बॅडमिंटन पुन्हा सुरू झालं, तरी चोळायला मीच. साहेबांच्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाईल.

भज्यांच्या दुसऱ्या दिवशी मी कचऱ्यातली रिकामी पुडी कमरेला खोचली आणि मनपाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पुडी वाचली. विचारलं, कोण लावतं, कशाने. मी माझे हात दाखवले. त्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले. मग समजावून सांगितलं. हे दुखण्याचं मलम नाही. हेच ते पुरुषांचं हार्मोन. कातडीतून आत जातं, लावणाऱ्याच्याही. तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये करावी लागली. चौदाशे रुपये. बायकांच्या अंगातही ते असतं, पण अगदी थोडं. माझं असायला हवं त्याच्या दुपटीवर गेलं होतं.

औषधाला हात लावणं बंद केलं की आकडा उतरेल, पाळी येईल, डॉक्टरबाई म्हणाल्या. केस कदाचित राहतील. आवाज पूर्ण परत येईलच असं नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं. हे औषध पोटालाही लावता येतं, स्वतःच्या हाताने. म्हणजे चार महिने साहेबांना स्वतःचं पोट लांब पडत होतं.

रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब शर्ट काढून बसले. मी पुड्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

"मी नाही लावणार."

माझा जाड आवाज मलाच ऐकू आला. मॅडम आल्या. मी दोघांना सगळं सांगितलं, अडखळत, पण सगळं. मॅडमना नवल वाटलं नाही. ते मी पाहिलं. त्या साहेबांना म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. घरातल्या बायकांनी हात लावायचा नाही."

मी विचारलं, "मग मला कसं लावायला सांगितलंत?"

"अगं, घरातल्या म्हणाले होते ते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसंच कळलं होतं. कॉलेज शिकलेली बाई. आठ वर्षं त्या मला बाई, बाई म्हणून हाक मारत होत्या आणि बायकांत धरत नव्हत्या. तोपर्यंत मला त्या घराची भीती वाटायची. त्या क्षणी कीव आली, तीही फार वेळ टिकली नाही.

साहेबांनी पाचशेच्या दहा नोटा टेबलावर टाकल्या. "घे आणि विषय संपव."

मी लॅबची पावती ठेवली. म्हटलं, चौदाशे. जास्त नको, कमी नको. आणि दोन पुड्यांनी रक्त घट्ट होतं, तुमच्या डॉक्टरला दाखवा. हे डॉक्टरबाईंनी सांगायला सांगितलं होतं म्हणून सांगितलं. माझ्या पोटात काही दया नव्हती.

सुट्टे नव्हते. नंतर ये, मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, थांबते. मॅडमनी पर्स उघडली, कपाट उघडलं, शेवटी शेजारून शंभराच्या नोटा आणल्या. मी त्यांच्यासमोर मोजल्या. चौदाशे पुरे भरले. मग मी हात पुढे केला आणि पावती परत मागितली. त्या इमारतीत आणखी अकरा बायका काम करतात. कुणाचंही औषध न विचारता हातात घेऊ नका, हे सांगताना त्यांना दाखवायला ती लागणार होती.